माझा डावा गाल आणि एक नटी

चहा

मंगळवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि तो तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आला. हनुवटीवरून थेट टी-शर्टवर. मी पुसला, दुसरा घोट घेतला. तोही बाहेर आला. समोर माझा नवरा प्रमोद पेपर वाचत होता. वर न बघताच म्हणाला, "घाई कसली आहे? तुझी रिंग कुठे पळून जात नाही."

मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही, कारण तो आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. प्रमोदने पेपर खाली केला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्याला इतक्या सावकाश पेपर खाली करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आमची मुलगी पूर्वा तेव्हा तिसरीत होती. शाळेचे मोजे चढवता चढवता ती म्हणाली, "आई, तुझी एकच पापणी मिटतेय."

मी बेसिनवरच्या आरशापुढे गेले. उजवी बाजू माझी होती. डावी कुणीतरी इस्त्री केल्यासारखी होती. अर्ध्या कपाळावर एकही आठी नाही, भुवई खाली आलेली, ओठाचा कोपरा ओघळलेला. मी डोळे घट्ट मिटले. उजवा मिटला. डाव्याने खिडकीतला उजेड दिसतच राहिला.

माझं नाव प्रभा. वडील दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे माझं सगळं बालपण खडकीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. तिथल्याच एका हॉलमध्ये तेराव्या वर्षी हातात ग्लोव्ह्ज चढवले आणि पुढे पंधरा वर्षं बॉक्सिंग केलं. राज्य स्पर्धेत सोनं, राष्ट्रीय स्पर्धेत कांस्य. आता त्याच हॉलमध्ये मुलींना शिकवते. माझं नाक दोनदा मोडलंय, उजव्या भुवईत चार टाके आहेत. चेहरा म्हणजे हातांच्या मागे लपवायची वस्तू, एवढाच विचार मी आयुष्यभर केला होता.

त्या सकाळी आरशापुढे एकच गोष्ट मनात आली. पंधरा वर्षं डोक्यावर खाल्लेले ठोसे आज वर आले. हा मेंदूचा झटका आहे. आता हात जाईल, मग पाय.

माझा हात जागेवर होता. मी त्याची मूठ वळून बघितली. सोडली. परत वळली. रिक्षाची वाट न बघता प्रमोदने स्कूटर काढली तरी मी मूठच वळत होते.

भुवई उचला

हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या बाईंनी नाव विचारलं. मी म्हणाले, "फ्रभा."

"काय?"

"फ्र... भ्भ..." ओठ एकमेकांना लागतच नव्हते. मधून नुसती हवा जात होती. शेवटी प्रमोदने नाव सांगितलं. स्वतःचं नाव दुसऱ्याने सांगताना ऐकलं आणि मी पहिल्यांदा रडले. तेसुद्धा धड नाही. डाव्या डोळ्यातून पाणी तसंही सकाळपासून वाहत होतं, त्यामुळे कोणतं पाणी रडण्याचं ते मला कळत नव्हतं.

तपासायला आलेली डॉक्टर पंचविशीची असेल. तिने हात वर करायला लावले, बोटं दाबायला लावली, चालवून बघितलं. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"भुवया उचला."

मी उचलल्या. म्हणजे एक उचलली.

"दात दाखवा. गाल फुगवा. परत भुवया उचला."

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली आणि तिचे खांदे थोडे सैल झाले. मी अख्खं आयुष्य समोरच्याचे खांदे वाचण्यात घालवलंय. ठोसा येणार की नाही ते खांदे आधी सांगतात. हिच्या खांद्यांनी सांगितलं, की ठोसा येणार नाही.

"कपाळही हलत नाहीये," ती म्हणाली. "झटक्यात शक्यतो कपाळ हलतं. हा झटका दिसत नाही. चेहऱ्याची एक नस असते, कानामागून येते. तिला सूज आलीये. बेल्स पाल्सी म्हणतात याला. तुम्ही बॉक्सर आहात म्हणून आपण स्कॅन करून खात्री करून घेऊ. पण मला फार भीती वाटत नाहीये."

स्कॅन झाला. मेंदू ठीक होता.

"बरं होईल ना?" प्रमोदने विचारलं.

"बहुतेकांचं होतं. काहींचं थोडं राहतं. किती दिवसांत, ते सांगता येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डोळा जपा. तो मिटत नाही, त्यामुळे कोरडा पडेल, इजा होईल. थेंब घाला, झोपताना पट्टी लावा. आणि डोळा पूर्ण मिटेपर्यंत रिंगमध्ये उतरायचं नाही."

मी विचारलं, ती नस केवढी असते? तिने टेबलावरचा दोरा उचलला, हॉस्पिटलच्या फाइलींना बांधतात तसला, आणि त्याचं टोक दाखवलं. एवढीशी. त्या दोऱ्यावर माझं हसणं, रागावणं, शिट्टी वाजवणं, पाणी पिणं आणि स्वतःचं नाव लोंबकळत होतं, आणि छत्तीस वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

तो ठोसा

आता जे मी डॉक्टरांना सांगितलं आणि प्रमोदला सांगायला नको होतं ते.

तीन महिन्यांपूर्वी एका मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक आमच्या हॉलवर आले होते. त्यांच्या चित्रपटात नायिका बॉक्सर होती आणि ती भूमिका करणाऱ्या इरावतीला मी शिकवावं, अशी त्यांची इच्छा होती. इरावती म्हणजे इरा. शनिवार पेठेतली, नाटकांतून आलेली, मालिकांमुळे घराघरांत माहीत असलेली. पहिल्या दिवशी आली ती नखं कापून, केस बांधून. मला वाटलं होतं महिन्याभरात पळेल. अभिनय म्हणजे तोंडं वेडीवाकडी करण्याचं काम, असं माझं तेव्हाचं मत होतं.

ती पळाली नाही. पण ठोसा येताना डोळे मिटायची. रोज. मी रोज ओरडायचे, "डोळे उघडे ठेव!" ती म्हणायची, "ताई, हे माझ्या घराण्यात नाही हो."

दोन महिन्यांनी दिग्दर्शकांनी मलाच विचारलं, शेवटच्या लढतीत तुम्ही प्रतिस्पर्धी व्हाल का? लढत, आणि लढतीनंतर एक छोटा प्रसंग, त्यात चार वाक्यं आणि एक हसू. "तुमचा चेहरा पडद्यासाठीच आहे," ते म्हणाले. दोनदा मोडलेल्या नाकाबद्दल असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी होकार दिला आणि दोन दिवस कुणाला न सांगता घरात एकटीच हसून बघत होते.

आणि त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी, सराव करताना, इराने पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून ठोसा मारला. मी बेसावध होते. तो माझ्या डाव्या कानाखाली बसला. हेडगार्ड होतं, फार लागलं नाही. मी तिला शाबासकी दिली. सोमवारी कानामागे दुखत होतं.

डॉक्टर स्पष्ट म्हणाली, "याचा त्याच्याशी संबंध नाही. दुखणं हे सुजेचंच होतं, नस आधीच सुजायला लागली असणार."

प्रमोदने ते ऐकलं आणि घरी येईपर्यंत विसरला. किंवा त्याला कुणावर तरी रागावायचं होतं. कात्रजला डेअरीत पंधरा वर्षं नोकरी केलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. तो म्हणाला, "त्या नटीला आता या घरात पाऊल टाकू द्यायचं नाही."

प, फ, ब, भ, म

आमच्या घरातली तिन्ही नावं ओठांवरची आहेत. प्रभा, प्रमोद, पूर्वा. ते पाच आठवडे मी घरात कुणालाही नावाने हाक मारली नाही. "ए" म्हणायचे, किंवा टाळी वाजवायचे. पूर्वाला त्याचा खेळ वाटायचा. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "आई, तू माझ्यावर चिडलीस का?" चेहऱ्याची एक बाजू बंद असली की माणूस चिडलेलाच दिसतो, हे मला तिच्यामुळे कळलं.

डाव्या बाजूला चव नव्हती. घास गालात जाऊन बसायचा, तो बोटाने काढावा लागायचा. डाव्या कानाला आवाज भयंकर मोठा यायचा; कुकरची शिट्टी झाली की मी दचकायचे. शेजारच्या मावशी जायफळ उगाळून घेऊन आल्या. "वारं लागलंय गं, पंख्याखाली झोपू नकोस." दुसऱ्या कुणी सांगितलं, आरसे झाकून ठेव. सगळ्यांना काही ना काही माहीत होतं.

मी मास्क लावून हॉलवर जायला लागले. पंच म्हणायला गेले की "फंच" व्हायचं. दोन दिवसांनी मुली हसायच्या थांबल्या. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

दिग्दर्शकांचा फोन आला. चांगले गृहस्थ. दहा मिनिटं माझ्या तब्येतीबद्दल बोलले आणि मग म्हणाले की चित्रीकरण थांबवता येणार नाही, ते हरियाणाच्या एका मुलीला बोलावताहेत. मी म्हणाले, बरोबर आहे. फोन ठेवला, न्हाणीघरात गेले, कडी लावली.

तिथल्या छोट्या आरशात मी रोज एक गोष्ट करायचे. बोटाने ओठाचा डावा कोपरा वर उचलायचे, उजव्याच्या बरोबरीला आणायचे. क्षणभर मी परत मी व्हायचे. मग बोट काढायचे आणि तो कोपरा खाली जाताना बघायचे. असं पाच वेळा, दहा वेळा. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. प्रमोद रोज झोपताना माझ्या पापणीवर पट्टी लावायचा, जीभ दातांत धरून, पूर्वाच्या वह्यांना कव्हर घालतो तसा एकाग्र होऊन. इतक्या जवळून तो मला बघत होता आणि तरी मी त्याला म्हणू शकले नाही, की मला भीती वाटतेय. तो विचारायचा, "बरं आहे ना?" मी मान हलवायचे.

भीती लपवणं हे आजारातलं सगळ्यात अवघड काम होतं. गोळ्या नव्हेत.

इरा दारात

अकराव्या दिवशी सकाळी बेल वाजली. प्रमोद पहिल्या पाळीला गेला होता, पूर्वा शाळेत. दारात इरा. डोळे सुजलेले.

"तो माझा ठोसा होता," ती म्हणाली. आत यायच्या आधीच.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खरं सांगते, पहिला विचार आला तो हा, की ही रडतेय की रडून दाखवतेय? हिचा तर धंदाच तो. मला काही ओळखू येईना. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग जेवढं जमेल तेवढ्या स्पष्ट आवाजात म्हणाले, "तुझ्या ठोशाने एवढं झालं असतं, तर मी तुला नॅशनलला फाठवली असती."

'फाठवली' ऐकून ती दचकली, आणि मग आम्ही दोघी हसलो. मी अर्धी हसले.

फिजिओथेरपिस्टने दिलेला कागद टेबलावर होता. भुवई उचलणे, नाक आक्रसणे, ओठ मिटणे, प-फ-ब-भ-म. इराने तो वाचला. "अहो, हे तर मी एकविसाव्या वर्षापासून करतेय," ती म्हणाली. "आमचे नाटकाचे सर आरशापुढे दोन तास उभे करायचे. तीन महिने तुम्ही मला हात शिकवलेत. आता माझी पाळी. शिवाय तुम्ही मला 'डोळे उघडे ठेव' म्हणून इतकं झापलंय, की तुम्हाला डोळा मिटायला शिकवताना मला फार बरं वाटेल."

प्रमोदला मी तिच्याबद्दल सांगितलं. लपवलं नाही. ती यायच्या वेळी तो घरी थांबेना. संध्याकाळी विचारायचा, "आली होती का तुझी नटी?"

आरशापुढे

इराच्या शिकवणीच्या पहिल्या सकाळी मी काय पाहिलं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

आरशात आम्ही शेजारी शेजारी. इरा म्हणाली, "मी काय करते ते बघा." तिने फक्त डावी भुवई उचलली. खाली आणली. फक्त उजवी उचलली. एक नाकपुडी फुगवली. ओठ हलू न देता डोळ्यांनी हसली. मग डोळे तसेच थंड ठेवून ओठांनी हसली, आणि माझ्या अंगावर काटा आला. मग खालची पापणी किंचित वर घेतली, बाकी काही नाही, आणि तो चेहरा एकदम फसवणूक झालेल्या बाईचा झाला.

ठोसे मारायच्या बॅगवर एक खांदा नीट वळवायला मला दोन वर्षं लागली होती. ही बाई पापणीचा एक काठ वळवत होती. मी जन्मात पाहिलेल्या कुठल्याही बॉक्सरचं स्वतःच्या शरीरावर एवढं राज्य नव्हतं, आणि याला मी तोंडं वेडीवाकडी करणं म्हणत होते.

"आता तुम्ही," ती म्हणाली. मी सगळा जोर लावला. उजवी बाजू कानापर्यंत गेली, डावी ढिम्म.

"जोर नको. जोर लावला की चांगली बाजू सगळं ओढून नेते. दुसरी बिचारी काही करू बघत असेल तर तिचं ऐकू कसं येणार?" तिने माझ्या उजव्या गालावर हळूच तळवा ठेवला. "हसू नका. कशाला तरी हसला होतात ते आठवा, आणि थांबा."

हे फिजिओथेरपिस्टही म्हणायच्या, हळू करा, थोडं करा. पण इरा सांगायची तेव्हा मला ते खेळातलं वाटायचं. डोळ्यासाठी तिने सांगितलं, आधी खाली बघा, मग मिटा. म-साठी ओठांना बोटांनी आधार द्या. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. बाकीचा वेळ ती माझ्याकडून पायांचं काम शिकायची, आमच्या घरातल्या टेबलाच्या आणि फ्रीजच्या मधल्या चार फुटांत.

सव्विसाव्या दिवशी मी 'म' म्हणायचा प्रयत्न करत होते. इरा एकदम म्हणाली, "थांबा."

मला वाटलं काही चुकलं.

"परत. अगदी तसंच."

मी केलं. मला काहीच जाणवलं नाही. ती आरशाच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. "इथे," ती म्हणाली आणि माझ्या डाव्या नाकपुडीच्या शेजारी बोट नेलं, न टेकवता.

तिसऱ्यांदा मला दिसलं. पाण्याच्या पृष्ठभागावर माशाची हालचाल कळते, तेवढंच. एक बारीक ओढ, आणि परत शांत.

आम्ही दोघी बोललो नाही. पूर्वा पोटात पहिल्यांदा हलली तेव्हा मी अशीच गप्प झाले होते. माझ्या हुकमाशिवाय, माझ्या नकळत, कवटीच्या आत कुठेतरी तो दोरा आपला आपण दुरुस्त होत होता. मी त्यात काहीच केलं नव्हतं. फक्त वाट मोकळी ठेवली होती. देवळात जाऊन आल्यावर वाटतं तसं मला वाटलं.

पाचवा आठवडा संपताना एका दुपारी शाळेच्या फाटकाशी मी "पूर्वा!" अशी हाक मारली. 'पू' थोडा फुसका होता. तिला तो चालला. ती धावत आली.

मॉनिटर

सातव्या आठवड्यात चित्रीकरण झालं. माझा डोळा मिटत होता, चेहरा अर्ध्याहून जास्त परत आला होता. लढत हरियाणाच्या मुलीनेच केली, आणि छान केली. मी इराच्या हालचाली बघायला गेले होते. दिग्दर्शक म्हणाले, "रिंगच्या कोपऱ्यात तुम्हीच बसा ना. संवाद नाही. पाणी द्यायचं, घाम पुसायचा." म्हणून मी पडद्यावर आले. सगळे मिळून अकरा सेकंद.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या दृश्याबद्दल. हरल्यावर नायिका कपडे बदलायच्या खोलीत एकटी येते आणि भिंतीवरच्या आरशात बघते. डाव्या गालाला रंगभूषेने सूज आणलेली. पटकथेत एवढंच होतं, की ती बघते.

'ॲक्शन' झालं. इरा आरशासमोर आली. थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग तिने एक बोट उचललं, ओठाचा डावा कोपरा वर नेला, धरून ठेवला, आणि सोडला. कोपरा खाली आला. ती बघत राहिली. परत उचलला.

ती कडी लावलेल्या न्हाणीघरातली मी होते.

'कट' झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी बाहेर जाऊन सामानाच्या टेम्पोशेजारी उभी राहिले. ती मागून आली, गालावरची खोटी सूज तशीच.

"ते माझं होतं," मी म्हणाले.

"हो."

"तू कधी बघितलंस?"

"दोनदा. मी यायच्या आधी तुम्ही बाहेरचं दार नुसतं लोटून ठेवायचात. न्हाणीघराची कडी नीट लागत नाही, ताई."

"विचारायचंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. मी तुमच्याकडे येत होते ती तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच. आणि मी बघतही होते. दोन्ही खरं आहे. मी न बघता राहूच शकत नाही. आत्ता ते हातातून निघेल हे मला टेकच्या आधी माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटतंय." मग म्हणाली, "नको असेल तर दुसरा टेक घ्यायला सांगते. आत्ता, या मिनिटाला. कारण विचारणार नाहीत."

मला तिचा खूप राग आला होता. एवढा, की दोन्ही मुठी वळल्या होत्या. मी तशीच आत गेले आणि दिग्दर्शकांना म्हणाले, मला ते परत दाखवा.

मॉनिटरच्या छोट्या पडद्यावर मी ते पाहिलं. आरशात मी स्वतःला शेकडो वेळा पाहिलं होतं, पण तेव्हा मी फक्त गाल बघत होते. इथे मला ती बाई दिसली. किती एकटी होती. किती घाबरलेली होती, आणि किती निगुतीने ते लपवत होती. मला तिची दया नाही आली. तिच्याबद्दल आदर वाटला. दहा दिवस, पंधरा दिवस, रोज ती कडी उघडून बाहेर येत होती आणि कणीक मळत होती.

बोट उचलून सोडायला चार सेकंद लागतात. इराने त्या चार सेकंदांत जे धरलं होतं, ते मी हजार शब्दांत कुणाला सांगू शकले नसते. हे कुठल्या स्नायूने होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

"राहू दे," मी म्हणाले.

दुपारचा खेळ

आता दीड वर्ष झालं. ज्यांना हे आत्ता झालंय त्यांच्यासाठी सांगते: माझा चेहरा जवळजवळ सगळा आलाय. जोरात हसले की डावा डोळा थोडा बारीक होतो, ते बहुधा तसंच राहील. थकले की 'भ' सैल पडतो. मी रिंगमध्ये उतरते, मुलींवर ओरडते, शिट्टी वाजवते. डोळा जपा, घाई करू नका, आणि ज्या माणसाजवळ रडावंसं वाटतं त्याच्याजवळ रडा. हे तिसरं मी केलं नव्हतं, म्हणून शेवटचा प्रसंग लिहिते.

चित्रपट लागला तेव्हा रविवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. प्रमोद यायला तयार नव्हता, पूर्वाने ओढून आणला. माझे अकरा सेकंद आले तेव्हा पूर्वा खुर्चीवर उभी राहिली आणि मागच्या काकूंनी तिला खाली बसवलं. मग ती खोली आली, आरसा आला. मी पडद्याकडे बघितलं नाही. मी प्रमोदकडे बघत होते.

त्याने आधी मान थोडी पुढे काढली. बोट वर गेलं, कोपरा वर गेला, खाली आला. प्रमोदने माझ्याकडे वळून बघितलं. मग परत पडद्याकडे. परत माझ्याकडे. त्याला कळलं होतं.

खेळ सुटल्यावर पूर्वा पॉपकॉर्नचा रिकामा डबा डोक्यावर घालून पुढे पळाली. पार्किंगमध्ये प्रमोदने स्कूटरची किल्ली लावली आणि तसाच उभा राहिला.

"तिचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

मी लावून दिला. त्याने फोन कानाला धरला, घसा साफ केला. "अहो, मी प्रमोद बोलतोय. प्रभाचा नवरा." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नाही, नाही. आवडला. ते... आरशाचं." मग म्हणाला, "मी रोज तिच्या डोळ्याला पट्टी लावत होतो हो. मला आज दिसलं."

त्याने फोन परत दिला. किल्ली काढून खिशात टाकली.

"इतकी घाबरली होतीस?"

"हो," मी म्हणाले.

आजूबाजूच्या गाड्या निघून गेल्या. पूर्वा दोनदा बोलवायला आली आणि परत गेली. मी स्कूटरला टेकून उभी राहिले आणि त्याला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून.